गच्चीवरचं ऊन आणि अंघोळीची बादली

मैत्रिणींनो, सासूबाईंच्या काळी आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. पहाटे लाकडं घालायची, धुरानं लाल झालेले डोळे पुसायचे, तेव्हा कुठं घरादाराच्या अंघोळी व्हायच्या. बंब गेला, गॅस आला. पण सिलिंडर संपत आला की जीव खालीवर होणं काही गेलं नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही छत्रीच्या आकाराची सूर्यचूल आणली.

भिंगानं कागद जाळण्याचा खेळ आपण लहानपणी खेळलोच आहोत. इथंही तेच. १.४ मीटर रुंदीच्या चकचकीत छत्रीवर पडलेलं ऊन मधल्या लहानशा जागी गोळा होतं. तिथं बाहेरून काळं केलेलं, झाकणाचं पातेलं ठेवायचं. कडक उन्हात पाच लिटर पाणी पाऊण-एक तासात कढत होतं. बादलीत दहा लिटर गार पाणी आधी घ्यावं आणि मग हे ओतावं. एकाची अंघोळ झाली!

पण ऊन चढतं दहाला आणि आमच्या अंघोळी उरकतात सातला! शिवाय सूर्य सरकला की छत्री फिरवा. ढग आले की सगळंच थंड, कारण विखुरलेला उजेड आरशाला एका जागी आणता येत नाही.

एकदा तर पातेलं उतरवून मी हातातला पंचा तिथंच टाकला आणि दार वाजलं म्हणून खाली गेले. परत येते तो करपल्याचा वास! पंचाला भोक पडलं होतं आणि धाकटा दोन हातांवर खेळत होता. माझे तर हातपायच गळाले. तेव्हापासून काम झालं की छत्रीची पाठ सूर्याकडे करते आणि वर जाड चादर घालते. जवळ जाताना काळा चष्मा लावते. मुलांना गच्चीवर एकटं सोडत नाही.

मग ही युक्ती वाईट का? मुळीच नाही. शिर्डीच्या साई संस्थानात २००९ साली प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या बसवल्या. त्यांच्या उष्णतेनं पाण्याची वाफ करून त्यावर प्रसादाचा स्वयंपाक करायची ती सोय. मोठ्या भटारखान्याला कढत वाफ लागते आणि देखरेखीला माणसंही असतात.

आपल्या सकाळच्या अंघोळीला मात्र साधा सौर बंबच बरा. तो ऊन गोळा करत बसत नाही. पडेल तेवढं घेतो, दिवसभर पाणी तापवतो आणि जाड आवरणाच्या टाकीत सकाळपर्यंत गरम ठेवतो. आम्ही शेवटी तोच बसवला. छत्री दुपारच्या डाळीला आणि तेलकट भांड्यांच्या पाण्याला ठेवली आहे.

तेव्हा खरेदीआधी एवढंच विचारा : पाणी कढत हवं की कोमट, आणि किती वाजता? म्हणजे पैसे वाया जायचे नाहीत.