पथ्यभंगानंतरचा रुग्ण

दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात रुग्णांची नोंदवही चाळली, की दरवर्षी एक गोष्ट आमच्या नजरेस येते. श्रावणापासून नियमाने येणारे, भोजनाच्या वेळा सांभाळणारे, गोड व तळलेले निग्रहाने दूर ठेवणारे काही रुग्ण या सुमारास येईनासे होतात. त्यांत प्रमेहाचे रुग्ण अधिक. पुढे माघ-फाल्गुनात ते येतात, तेव्हा रक्तशर्करा वाढलेली असते आणि पायांची आग सुरू झालेली असते. मधल्या काळात का आला नाहीत, असे विचारले असता उत्तर ठरलेले असते : "डॉक्टर, फराळात पथ्य सगळं मोडलं, मग कोणत्या तोंडानं येणार?" चार करंज्यांनी झालेली हानी आठवडाभरात सावरता आली असती. तीन महिन्यांच्या गैरहजेरीने झालेली हानी तशी सावरत नाही. म्हणूनच पथ्य कसे सांगावे याइतकाच, ते मोडल्यावर काय करावे हा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

पथ्यभंगाचे बीज पुष्कळदा पहिल्याच दिवशी पेरले जाते. रुग्णाच्या हाती छापील पथ्यपत्रक पडते. चहा, मैदा, फरसाण, दही, बटाटा सारे एकदम बंद. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या, नवेगान्धारणीय अध्यायात याच्या विपरीत मार्ग सांगितला आहे. अंगवळणी पडलेले अहितकर अन्नही क्रमाक्रमानेच सोडावे आणि हितकराचे सेवनही क्रमानेच वाढवावे, असा तो पादांशिक क्रम. वाग्भटाचार्यांनी तर चतुर्थांशाचाही चतुर्थांश, म्हणजे सोळावा भाग सोडण्याची मुभा दिली आहे, आणि एकाएकी केलेला बदल विकारास कारण होतो असेही बजावले आहे. दिवसाला चार कप गोड चहा घेणाऱ्याचा प्रथम एक कप सुटावा आणि त्या जागी धणे-जिऱ्याचे पाणी यावे. ते अंगी लागल्यावर दुसरा कप. टप्प्यांमधील दिवसांच्या गणनेविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. जुन्या सवयींच्या बाबतीत आम्ही एका पादाला साधारण एक आठवडा देतो. या क्रमाचा एक लाभ फारसा बोलला जात नाही. तिसऱ्या पादावर असलेल्या रुग्णाचे पथ्य मोडले, तर त्यास दुसऱ्या पादावर यावे लागते. आरंभापाशी जावे लागत नाही. सर्वस्व एकदम सोडलेल्यास मात्र मागे उभे राहण्यास पायरीच नसते.

आता प्रत्यक्ष पथ्यभंगाकडे वळू. सगळे पथ्यभंग एका जातीचे नसतात. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रज्ञापराधाच्या मुळाशी धी, धृति आणि स्मृति या तिहींचा भ्रंश सांगितला आहे. ही त्रयी आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि केसपेपर लिहिताना विसरतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन "आज तर उपवास होता" असे सांगणारा, किंवा साखर सोडून तेवढाच गूळ खाणारा मधुमेही हा धीभ्रंशाचा रुग्ण. त्याला रागावून उपयोग नाही, समजावून सांगावे लागते. दुपारी तीनपर्यंत उपाशी राहून मग स्टेशनवर दोन वडापाव खाणाऱ्याला सारे कळत असते. तेथे धृति ढळते, आणि ती ढळते भुकेने. त्याच्या भोजनाची वेळ अलीकडे आणली, डब्यात मूठभर भाजलेले चणे दिले, की बरेच काम होते. तिसरा, दूरदर्शनसमोर बसला असता ज्याचा हात आपसूक फरसाणाकडे जातो. त्याला त्या क्षणी पथ्याचे स्मरणच नसते. बशी नजरेआड ठेवणे हीच त्याची चिकित्सा, आणि ती घरच्या मंडळींना सांगावी लागते. तिघांनाही "मनोनिग्रह करा" असे एकच वाक्य ऐकवणे म्हणजे सर्व ज्वरांना एकच काढा देण्यासारखे आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट व ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली व्यसनमुक्तीच्या संदर्भात असेच निरीक्षण नोंदवले होते. एकदा नियम मोडल्यावर "आता सारे संपलेच" ही भावना पुढील घसरणीस कारण होते. आहाराच्या बाबतीतही आम्हांस तेच दिसते.

दुसऱ्या दिवशी काय करावे? ग्रहणी चिकित्सेच्या अध्यायात चरकांनी येथे उपयोगी पडेल असा भेद केला आहे. सकाळचे अन्न पूर्ण पचले नसता सायंकाळचे भोजन तितके बाधत नाही; रात्रीचे पचले नसता सकाळचे भोजन मात्र दोषकारक ठरते. म्हणजे दुपारच्या महाप्रसादानंतर रात्री पेज किंवा मुगाचे कढण पुरे. लग्नाच्या स्वागतसमारंभात रात्री अकराला जेवलेल्याने मात्र सकाळी खरी भूक लागेपर्यंत सुंठीच्या गरम पाण्यावर राहावे. परंतु इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या घेणाऱ्यास असे लंघन कदापि सांगू नये. रक्तशर्करा एकाएकी उतरण्याचा धोका असतो. त्याने वेळेवर, लघु आणि मोजके खावे. प्रायश्चित्त म्हणून दोन दिवस कडकडीत उपास करण्याची काहींना हौस असते. तीही थांबवावी, कारण त्या उपासातूनच पुढचा वडापाव जन्मास येतो.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. पथ्य मोडलेला माणूस आमच्याकडे येण्याचे टाळतो, पण आपल्या दुकानी येतो आणि अविपत्तिकर किंवा त्रिफळा चूर्ण मागतो. सणानंतर लागोपाठ दुसऱ्यांदा रेचक मागणारा दिसला, तर चिकित्सा कोणाकडे चालू आहे एवढे विचारावे आणि वैद्यांची गाठ घेण्यास सुचवावे. आपल्या शब्दाने तो परत येतो, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही आता "पथ्य पाळले का?" असे विचारत नाही, त्याला "हो" हेच उत्तर मिळते. "या पंधरवड्यात पथ्य कधी आणि कोठे मोडले?" असे विचारतो आणि तिथी, वेळ, पदार्थ व सोबत कोण होते हे केसपेपरवर लिहितो. प्रमेहाच्या रुग्णांना पुढील भेटीची तारीख भाऊबिजेनंतरच्या आठवड्यातील देतो, आणि ती देतानाच सांगून ठेवतो, की फराळ झालेला असला तरी यायचेच आहे.