जमिनीखालचा पंचनामा

५ जानेवारी २०१३ रोजी सुरतेजवळच्या हजिरा येथील इंडियन ऑइलच्या साठवण केंद्रात पेट्रोलच्या टाकीने पेट घेतला आणि ती आग शमविण्यास अग्निशामक दलांना सुमारे एक अहोरात्र झुंजावे लागले, हे त्या नगरीतील पुष्कळांना आजही स्मरत असेल. कारण आगीला ज्वाला असतात, धूर असतो, आणि तिचा पंचनामा करावयास सरकारी अंमलदार तत्काळ धावतात. भूमिगत टाकीच्या गंजलेल्या सांध्यातून थेंबाथेंबाने मुरणाऱ्या इंधनाची वर्दी मात्र कोणी देत नाही. ते उघडकीस येते बहुधा शेजारच्या विहिरीत. गोव्यात माटवे-दाबोळी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये विहिरींच्या पाण्याला इंधनाचा दर्प येऊ लागला, एका विहिरीत तर आगही भडकली, आणि मग कोठे भूमिगत इंधनवाहिनीची चौकशी आरंभली गेली.

अशा चौकशीचा प्रारंभ दप्तरापासून होतो. टाकी कोणत्या साली पुरली, टँकरमधून उतरविलेले इंधन आणि विकलेले इंधन यांचा मेळ कोणत्या महिन्यापासून बसेनासा झाला, हे पाहिल्यावरच बोअर घेतले जातात. निरनिराळ्या खोलीची माती काढून तिच्यातील बाष्प मोजले जाते, आणि काही बोअरमध्ये जाळीची नळी बसवून त्यांच्या निरीक्षण-विहिरी केल्या जातात. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते. म्हणून ती जाळी पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे असावी लागते, नाहीतर तवंग नळीबाहेरच राहतो आणि अहवालात ‘निर्दोष’ असा शेरा पडतो. पाण्याचा नमुनाही काचेच्या कुपीत काठोकाठ, हवेचा बुडबुडा न राहील असा भरावा लागतो; कारण ज्याचा शोध घ्यावयाचा ते बेंझीन मोकळ्या जागेत उडून जाते. हे बेंझीन कर्करोगकारक आहे, आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. आपल्या पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत असू शकते. म्हणजे एका लिटरातील बेंझीन, हिशेबापुरते बोलायचे तर, साडेआठ लाख लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे.

प्रदूषण कोणत्या दिशेस सरकते हे ठरविण्यास एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींतील पातळी लागते. सुरतेत मात्र हा साधा नियमही सरळ चालत नाही. सिंगणपोरच्या बंधाऱ्याखाली तापीचे पात्र खंबायतच्या आखाताच्या भरती-ओहोटीबरोबर श्वास घेते, आणि काठालगतचे भूजल त्याच्यामागून हलते; सकाळी मोजलेला उतार सायंकाळी तसाच आढळेल याची हमी कोणी द्यावी? शिवाय वरची काळी चिकणमाती उन्हाळ्यात भेगाळते व इंधनास खोलवर वाट करून देते, तर तिच्याखालचे तापीने आणून घातलेले वाळूचे थर त्यास दूरवर वाहून नेतात. पावसाळ्यात भूजल चढले की तवंग मातीच्या रंध्रांत पाण्याखाली अडकून विहिरीतून दिसेनासा होतो, आणि वैशाखात पाणी उतरताच पुन्हा प्रकट होतो. श्रावणात घेतलेला एकच नमुना दाखवून ‘येथे काही नाही’ असे लिहून देणाऱ्यास मी तरी तपासनीस म्हणणार नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पेट्रोल पंपांसाठी शाळा, रुग्णालये व वस्ती यांपासून ५० मीटर अंतराची अट घातली. अट योग्यच, परंतु ती जमिनीवरची हद्द आहे, आणि वाळूच्या थरातून जाणारे पेट्रोल असल्या हद्दी मानीत नाही. पुष्कळ पंप तर त्याआधीचेच आहेत.

लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. त्यांपैकी कोणाच्या बोअरच्या पाण्यास रॉकेलसारखा वास आला तर त्यांनी ते पाणी उकळून पिण्याचा प्रयत्न करू नये, कारण उकळताना बेंझीन स्वयंपाकघराच्या हवेत मिसळते. बोअरजवळ काडीही ओढू नये. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुरत येथील कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी, आणि पाण्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, अशी दोनदा व्हावी, हे अर्जातच स्पष्ट मागावे.