वर्षाचे 104 तास

फलक पाण्याच्या टाकीमागे होता. पाणी पिऊन ग्लास ठेवायला वाकले, तेव्हा दिसला. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना या कार्यालयातील अभिलेख पाहता येतील. त्या पंचायत समितीत मी एका दाखल्यासाठी गेले होते. दाखला मिळाला, पण तो फलक डोक्यातून जाईना. इतक्या वर्षांत सरकारी कचेऱ्यांत मी अर्ज दिले, रांगा लावल्या, सह्या घेतल्या. आतलं कपाट उघडून बसायचा हक्क मला आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पुढचे पाच सोमवार मी तिथे गेले.

अभिलेख कक्ष इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. दार उघडलं की आधी वास येतो: डांबरगोळ्या, ओल धरलेली भिंत आणि जुनी खळ. पूर्वी कागद पिठाच्या खळीने चिकटवत. त्याच खळीसाठी कसर कागदाला लागते, हे मला तिथे कळलं. लोखंडी मांडण्यांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत गेलेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद अजून रुमालांनी मोजतात, सुमारे 39 हजार रुमाल आहेत तिथे. इथेही तीच पद्धत, फक्त आकडा लहान. सगळ्यांत वरचा, सगळ्यांत जुना गठ्ठा 1962 चा. त्याच वर्षी 1 मे रोजी राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या.

हे सगळं ज्यांना पाठ आहे ते परिचर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. निवृत्तीला सात महिने उरलेत. पहिल्या सोमवारी मी येण्याचं कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी खुर्ची पुसली, नोंदवही पुढे केली आणि म्हणाले, "ताई, बावन्न सोमवार, दोन-दोन तास. वर्षाचे 104 तास झाले. सोमवारी सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी उघडतो, म्हणजे एकही कमी होत नाही. मी हिशेब केलाय."

"त्यातले भरतात किती?"

त्यांनी नोंदवहीची पानं उलटली. तारीख, नाव, कोणती संचिका पाहिली, सही. बहुतेक तारखांपुढे एकच शब्द होता: निरंक. पानामागून पान, एकाच वळणदार अक्षरात, निरंक.

हे सोमवार आले पुण्यातून. 2009 मध्ये पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी दोन तास कागद खुले केले. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून जिल्ह्याच्या आणि त्याखालच्या कार्यालयांना तोच नियम लावला. त्यामागचं कारण सरळ होतं. माहिती अधिकारात अर्ज करायचा तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जोडपत्र अ, 30 दिवसांची मुदत. महाराष्ट्रात 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत. मग उत्तर येतं, 'माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही'. पहिलं अपील, दुसरं अपील. पण मुळात काय मागायचं हेच माणसाला माहीत नसेल तर? ज्याने मोजमाप पुस्तिका कधी पाहिलेली नाही, तो ती नाव घेऊन मागणार कशी? समोर बसून पानं उलटणाऱ्याला नेमका प्रश्न आधी माहीत असावा लागत नाही. पान उलटता उलटता तो सापडतो. पाच सोमवारांनंतर माझी खात्री झाली आहे की माणसाला अर्जापेक्षा खुर्ची जास्त देते.

मामांचं काम पाहत बसायला मला आवडू लागलं. गठ्ठा खाली घेतला की ते तो आधी दाराबाहेर नेऊन झटकतात. गाठ सुटी करतात, कापड चार बाजूंनी उघडतात आणि संचिका काढतात. डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार. समोरच्याच्या हातात देण्याआधी अंगठ्याला थुंकी न लावता, ओल्या स्पंजवर बोट टेकवून पानं मोजतात. परत घेताना पुन्हा मोजतात. "पृष्ठांकन नसेल तर मी संचिका घेतच नाही," ते म्हणाले. "पानावर नंबर नसला की निघालेलं पान कुणाला कळणार?"

मला हे वाक्य लिहून घ्यावंसं वाटलं. त्या रात्री मी माहिती अधिकाराचा कायदा पुन्हा वाचला. 12 ऑक्टोबर 2005 पासून तो पूर्णपणे लागू झाला. कलम 4 मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाची कर्तव्यं दिली आहेत आणि त्यातलं पहिलंच, 4(1)(क), अभिलेख सूची करून, क्रम लावून ठेवा असं सांगतं. माहिती प्रसिद्ध करण्याचं कलम त्याच्यानंतर येतं. म्हणजे दप्तर लावणारा माणूस कायद्याच्या अगदी उंबऱ्यात उभा आहे. आणि कचेरीत त्याची जागा सगळ्यांत मागच्या खोलीत.

कागद वाट चुकतो ती जागाही मामांनी दाखवली. प्रत्येक टेबलावर सहा गठ्ठे असावेत, असा जुना नियम आहे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. निकाली प्रकरणाला वर्ग मिळतो. अ म्हणजे कायम, ब म्हणजे 30 वर्षं, तिथून उतरत ड म्हणजे एक वर्ष. "पाचवा गठ्ठा इथवर येतच नाही," मामा म्हणाले. "वर्गवारी करायला कुणाला वेळ नाही. टेबलवाल्याची बदली होते, कपाटाची किल्ली कुणाकडे तरी राहते. दोन वर्षांनी कुणी अर्ज केला की उत्तर जातं, संचिका आढळून येत नाही."

आढळून येत नाही. 2013 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की एवढं म्हणून माहिती नाकारता येत नाही, शोध घ्यावा लागतो आणि गहाळ झाली तर जबाबदारी ठरवावी लागते. मुदतीत माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार रुपये दंड कायद्यात आहे. पण न पाठवलेल्या पाचव्या गठ्ठ्याचा दंड कोणी कुणाला करायचा?

चौथ्या सोमवारी तीनच्या ठोक्याला एक बाई आल्या. डोंगराकडच्या वस्तीवरच्या. सोबत बारावीतली भाची. पिशवीतून त्यांनी आधी सुताची दोरी काढली. शाळेतल्या गुरुजींच्या टेपवर मापून बरोबर दहा मीटरची केलेली. वस्तीकडच्या रस्त्याचं खडीकरण झालं होतं आणि बचत गटातल्या बायकांनी तो या दोरीने मोजला होता. "बत्तीस दोऱ्या भरल्या," त्या म्हणाल्या. "कागदावर किती लिवलाय, ते बघायचंय."

मामांनी त्यांना विचारलं नाही की कशाला. बांधकामाच्या कपाटातून मोजमाप पुस्तिका मागवून घेतली, पानं मोजली आणि भाचीपुढे ठेवली. तरुण लिपिक दारात उभा होता. त्याने हळूच मला विचारलं, "मॅडम, यात कंत्राटदाराचं नाव आहे. ही वैयक्तिक माहिती होत नाही ना?"

तो प्रामाणिकपणे घाबरला होता. त्याच्या भीतीला कारणही आहे. कलम 8(1)(ञ), कचेरीच्या बोलीत 'आठ एक जे', वैयक्तिक माहितीबद्दल आहे. सार्वजनिक कामाशी तिचा संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर ती द्यावी, आणि जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असं त्यात लिहिलेलं होतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या कलमातून हे सगळं काढलं आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल अमलात आला. जनहिताची तुलना करायला आता 8(2) एवढंच उरलं आहे. सरकारी पैशाने झालेल्या कामाच्या कागदावर कंत्राटदाराचं, अभियंत्याचं, मजुराचं नाव असणारच. नावाशिवाय हिशेब कसा होतो? मामा लिपिकाला एवढंच म्हणाले, "रस्ता वैयक्तिक नाही, बाळा."

भाची मोठ्याने वाचू लागली. लांबी, रुंदी, जाडी. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला राजस्थानातलं कोट किराना आठवलं. डिसेंबर 1994 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने तिथे पहिली जनसुनावणी भरवली, तेव्हाही असेच हजेरीपट आणि बिलं लोकांपुढे मोठ्याने वाचली होती. अक्षर न येणाऱ्यांनी ती ऐकली आणि कोण कामावर होतं, कोण नव्हतं ते सांगितलं. 1996 च्या ब्यावरच्या 40 दिवसांच्या धरण्याने त्याच मागणीला आणखी जोर दिला. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर 2003 मध्ये राज्याचा स्वतःचा कायदा लागू झाला. देशाचा कायदा त्यानंतरचा. त्या सगळ्याच्या मुळाशी हेच होतं: कागद वाचणारी एक, आणि जमीन माहीत असणारी दुसरी.

"लांबी 500 मीटर," भाची म्हणाली.

बाईंनी डोळे उघडले, दोरी मांडीवर घेतली. लिपिक म्हणाला, "शाळेकडचा फाटा धरला असेल." असेलही. बाई म्हणाल्या, "मग त्यो बी मोजू." त्यांनी भाचीला पुढे वाचायला सांगितलं. जाडी 75 मिलिमीटर. मामांनी टेबलावर आडवी चार बोटं ठेवून दाखवली.

"चार बोटं खडी," बाई म्हणाल्या. "आन् ती खालची कशी बगायची? दोरी लावून?"

खोलीत कुणालाच पटकन उत्तर सुचलं नाही. मग मामांनी कपाटावरून कायद्याची मळकी पुस्तिका काढली आणि भाचीला कलम 2(ञ) वाचायला लावलं. अक्षर तेच, ञ. पण या कलमात माहितीचा अधिकार म्हणजे काय ते सांगितलं आहे: कामाची, दस्तऐवजांची, अभिलेखांची पाहणी करणं, टिपणं घेणं, प्रमाणित प्रती घेणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं. रस्ताही मागता येतो. त्याचा तुकडा, मोहोर लावून.

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. "आमच्यासमोर खणून देत्यात?"

"अर्ज करा. मग समोर उभं राहा," मामा म्हणाले. "जोडपत्र अ. 150 शब्द मिळतात. तुम्हाला वीसही लागायचे नाहीत."

भाचीने तिथेच अर्ज लिहिला. बाईंनी मोजमाप पुस्तिकेच्या पानांच्या प्रती मागितल्या. पानाला दोन रुपये. सात पानं, 14 रुपये. सुट्टे त्यांनी रुमालाच्या गाठीतून काढले, पावती घेतली आणि तिची घडी दोरीत गुंडाळली. नोंदवहीत भाचीने नाव लिहून दिलं, त्यापुढे बाईंनी सही केली. अक्षर जड होतं, पण पुरं होतं.

त्या गेल्या तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. मी मामांना विचारलं, तुमच्यानंतर इथे कोण?

"जागा भरतील की नाही, ठाऊक नाही. चार्ज घ्यायला कुणी आलं तर वर्षभर तरी शिकवावं लागेल. कुठला गठ्ठा कुठल्या वर्षी भिजला होता, कुठल्या गावाचं नाव बदललं, हे यादीत नाही." ते डोक्याकडे बोट नेणार होते, मग त्यांनी हात मांडणीवर ठेवला. "104 तास उघडं ठेवायचं म्हणजे उरलेले सगळे तास कुणीतरी लावून ठेवायला पाहिजे."

पाचला त्यांनी पानं पुन्हा मोजली. मोजमाप पुस्तिका, अर्जाची पोच आणि जुनी रस्त्याची संचिका एकत्र करून लाल कापडात बांधली, ओढली की सुटेल अशा एका फासात. मला वाटलं, ते शिडी लावून गठ्ठा वर ठेवतील. त्यांनी तो दारालगतच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि वर खडूने पुढच्या सोमवारची तारीख लिहिली.