पंख्याच्या घरघरीत झोप का लागते? समजून घ्या आवाजाचं गणित

नाशिकमध्ये द्वारका परिसर असो किंवा मुंबई-आग्रा महामार्गालगतची घरं, रात्री एक हॉर्न वाजला तरी काहींना लगेच जाग येते. पण पंखा सुरू असला की याच लोकांना शांत झोप लागते. असं का होतं?

कारण काय?
झोपेतही कान सुरूच असतात. झोपमोड होते ती बहुतेकदा अचानक वाढलेल्या आवाजामुळे. समजा, खोलीत 30 डेसिबल आवाज आहे आणि 55 डेसिबलचा हॉर्न ऐकू आला, तर फरक 25 चा. पंख्यामुळे खोलीत आधीच 40 डेसिबल असतील, तर फरक 15 वर येतो.

कोणता आवाज निवडाल?
व्हाइट नॉइज टीव्हीच्या खरखरीसारखा, पिंक नॉइज पावसासारखा, तर ब्राऊन नॉइज दूरच्या धबधब्यासारखा लागतो. जो कानाला टोचत नाही, तो निवडा. शब्द असलेली गाणी आणि मध्येच जाहिराती लागणारे व्हिडीओ टाळा.

काय काळजी घ्याल?
फोन उशाशी ठेवू नका, आवाज कमीच ठेवा. बाळाच्या खोलीत तर विशेष जपा. 2014 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ नियतकालिकातील अभ्यासात बाळांना झोपवणारी 14 यंत्रं तपासली. पूर्ण आवाजात ती सर्व एक मीटरवरही 50 डेसिबलच्या वर गेली.

डीजेचं काय?
डीजे आणि ढोलाचा दणका पंख्याने झाकला जात नाही. 2000 च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबल आहे. त्रास झाल्यास 112 वर तक्रार करा.