पिकलबॉलची दुहेरी स्पर्धा: आलेली प्रत्येकजण खेळली पाहिजे



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा आठ मार्चला आपल्या गटात संगीत खुर्ची ठेवतात. गाणं थांबतं, एकीला खुर्ची मिळत नाही आणि ती बाहेर. मग ती कडेला उभी राहून बाकीच्यांचा खेळ बघते. घरचं आवरून, पोराला सासूबाईंपाशी ठेवून, चांगली साडी नेसून ती आलेली असते, आणि तिचा खेळ दोन मिनिटांत संपतो. बरं, पहिली बाहेर कोण जाते? जिला खेळायची सवय कमी तीच. म्हणजे जिला खेळण्याची गरज जास्त, तिलाच सगळ्यांत कमी खेळायला मिळतं.

हे टाळता येतं. कसं, ते आज एका नव्या खेळाच्या निमित्तानं सांगते. खेळाचं नाव पिकलबॉल.

आपल्यापैकी कितीतरी जणींचं कुणी ना कुणी मुंबईला असतं. कुणाचा दीर लालबागला, कुणाची बहीण परळला, कुणाची लेक दादर नाहीतर गिरगावात. तिकडे आता जिमखान्यात, टर्फवर, इमारतीच्या गच्चीवर हा खेळ दिसतो. लाकडी फळीसारखी बिनतारांची बॅट, छिद्रं असलेला हलका प्लास्टिकचा चेंडू आणि कमरेच्या उंचीचं जाळं. बॅटवर चेंडू बसला की टक्‌ असा आवाज येतो. साठीच्या आजी आणि पंधरा वर्षांची नात एका जोडीत खेळू शकतात, कारण यात ताकदीपेक्षा नेम आणि सबुरी जास्त लागते.

खेळ अमेरिकेतला. १९६५ साली सिएटल शहराजवळच्या एका बेटावर, सुट्टीत कंटाळलेल्या मुलांसाठी घरातल्या मोठ्यांनी हाताशी असलेल्या सामानातून तो जुळवला. आपल्या देशात तो आणला आणि रुजवला मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल असोसिएशन स्थापन झाली, तीही मुंबईत. मुंबईत जागेची किती टंचाई, ते तुम्हाला माहीत आहे. टेनिसच्या एका कोर्टाच्या जागेत पिकलबॉलची चार कोर्टं बसतात. प्रत्येकावर दोन-दोनच्या जोड्या, म्हणजे एका वेळी सोळा माणसं खेळतात. म्हणून क्लबात एकेरीपेक्षा दुहेरीच जास्त चालते.

आता गावात कोर्ट कसं आखायचं ते ऐका. लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट. बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाचं माप नेमकं हेच आहे. शाळेत ते आखलेलं असेल तर निम्मं काम झालं. जाळं मात्र खाली घ्यायचं, खांबापाशी तीन फूट आणि मध्ये दोन फूट दहा इंच. जाळ्यापासून दोन्ही बाजूंना सात फुटांवर एक आडवी रेघ मारायची. बॅडमिंटनची पुढची रेघ साडेसहा फुटांवर असते, म्हणजे आपली रेघ तिच्या सहा इंच मागे. त्या रेघेपासून मागच्या रेघेपर्यंतच्या जागेचे मधोमध उभी रेघ मारून दोन भाग करायचे. मातीवर हा चेंडू नीट उठत नाही. शाळेचं सिमेंटचं आवार किंवा समाजमंदिरापुढची फरशी बरी. चुन्यानं किंवा खडूनं रेघा मारा. फरशी ओली असेल तर खेळू नका.

जाळ्यालगतच्या त्या सात फुटांच्या पट्ट्याला खेळाडू 'किचन' म्हणतात. हो, स्वयंपाकघरच! आणि याचा नियम नीट समजून घ्या, कारण सगळ्यांत जास्त चूक इथंच होते. किचनमध्ये जायला बंदी नाही. बंदी आहे ती तिथं उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायला. चेंडूचा टप्पा पडला की खुशाल आत जा आणि मारा. हवेतला चेंडू मारताना मात्र पाय किचनच्या रेघेलाही लागता कामा नये. मारल्यानंतर तोल जाऊन आत पाय पडला तरी चूकच. हा नियम आहे म्हणून उंच, दणकट खेळाडू जाळ्याला चिकटून चेंडू आपटू शकत नाही आणि समोरचीलाही संधी मिळते.

दुसरा नियम दोन टप्प्यांचा. सर्व्हिस आली की समोरच्या जोडीनं टप्पा पडू द्यायचा, मग मारायचं. तो चेंडू परत आला की सर्व्हिस करणाऱ्या जोडीनंही एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर हवेत मारायला मोकळीक.

सर्व्हिस मागच्या रेघेबाहेर उभं राहून करायची. हात खालून वर यायला हवा आणि चेंडू कमरेखाली लागायला हवा. नवख्या बाईला ते जमत नसेल तर हातातला चेंडू नुसता खाली सोडायचा आणि टप्पा पडल्यावर मारायचा, हेही नियमात बसतं. चेंडू तिरक्या, समोरच्या भागात पडला पाहिजे. किचनमध्ये किंवा त्याच्या रेघेवर पडला तर सर्व्हिस गेली. बाकी कुठल्याही रेघेवर पडलेला चेंडू आत धरतात. संधी एकच असते.

गुण मोजताना थोडं डोकं लावावं लागतं. सर्व्हिस करणाऱ्या जोडीलाच गुण मिळतो. गुण मिळाला की त्या दोघी आपसात डावी-उजवी बाजू बदलतात आणि तीच बाई पुन्हा सर्व्हिस करते. चूक झाली की सर्व्हिस जोडीदारणीकडे जाते आणि तिचीही चूक झाली की समोरच्या जोडीकडे. म्हणून दर वेळी तीन आकडे पुकारायचे: आपले गुण, त्यांचे गुण, आणि सर्व्हिस करणारी पहिली की दुसरी. 'चार-दोन-एक' म्हणजे आपले चार, त्यांचे दोन, सर्व्हिसला पहिली. डाव सुरू होताना मात्र 'शून्य-शून्य-दोन' म्हणतात. पहिली सर्व्हिस मिळणं हा फायदा असतो, म्हणून त्या जोडीला सुरुवातीला एकाच बाईची पाळी देतात. ११ गुण आधी करणारी जोडी जिंकते, पण पुढे दोन गुणांचा फरक हवा. १०-१० झाले तर दोन गुणांचा फरक पडेपर्यंत खेळायचं.

एवढे नियम एका दुपारी शिकता येतात. स्पर्धा कशी घ्यायची, याचा विचार मात्र आधी बसून करावा लागतो.

लालबाग-परळच्या कबड्डीमुळे दोन शब्द आपल्या कानावरून गेलेले आहेत, 'बाद पद्धत' आणि 'साखळी पद्धत'. बाद पद्धतीत हरली ती जोडी घरी. साखळीत गटातली प्रत्येक जोडी दुसऱ्या प्रत्येक जोडीशी खेळते.

समजा आपल्याकडे आठ जोड्या आल्या, म्हणजे सोळा बायका. बाद पद्धतीनं सात सामन्यांत स्पर्धा संपते. एका सामन्याला पंचवीस मिनिटं धरली तरी एका कोर्टावर तीन तास. सोपं वाटतं. पण पहिल्या फेरीतच चार जोड्या हरतात. सोळातल्या आठ बायका एकच सामना खेळून घरी जातात. संगीत खुर्चीच झाली की ही!

सगळ्या आठ जोड्यांची एकच साखळी केली तर सामने होतात अठ्ठावीस. तेवढा वेळ कुणाकडे आहे? धारा काढायला परत जायचं असतं, शेवटची एसटी गाठायची असते. म्हणून मधली वाट घ्यायची. चार-चार जोड्यांचे दोन गट करायचे. एका गटात सहा सामने, दोन गटांत बारा. प्रत्येक गटातल्या पहिल्या दोन जोड्या उपांत्य फेरीत. तिथं पहिल्या गटातली पहिली जोडी दुसऱ्या गटातल्या दुसरीशी खेळेल आणि दुसऱ्यातली पहिली पहिल्यातल्या दुसरीशी. मग अंतिम सामना. एकूण पंधरा सामने, आणि शेवटच्या नंबरची जोडीसुद्धा तीन सामने खेळून जाते.

पंधरा सामने एका दिवसात बसवायला घड्याळ लावा. पंधरा मिनिटांनी शिट्टी. चाललेला गुण पूर्ण करायचा, जी जोडी पुढे असेल ती जिंकली. बरोबरी असेल तर आणखी एक गुण. हा मोठ्या स्पर्धेचा नियम नव्हे, आपल्या घरगुती सोयीचा आहे, म्हणून तो आधी जाहीर करा. जोड्या बदलायला पाच मिनिटं. म्हणजे एका सामन्याला वीस मिनिटं, एका कोर्टावर पंधरा सामन्यांना पाच तास. दोन कोर्टं असतील तर दोन तास चाळीस मिनिटांत सगळं आटपतं.

जोड्या कशा पाडायच्या? 'ज्यांना ज्या हव्या त्या' असं म्हटलं की दोन चांगल्या खेळणाऱ्या एकत्र येतात आणि नवीन बाई एकटी उरते. त्यापेक्षा दोन वाट्या घ्या. एकीत सराव असलेल्यांच्या चिठ्ठ्या, दुसरीत नव्यांच्या. प्रत्येक वाटीतली एक-एक चिठ्ठी काढून जोडी लावा.

गट लहान असेल तर जोडीदारीणच दर फेरीला बदलायची. पाच बायका असतील तर कागद-पेन्सिल घ्या आणि प्रत्येकीला एक ते पाच नंबर द्या.

पहिली फेरी: दोन-पाच विरुद्ध तीन-चार. एक नंबर बसेल.
दुसरी: एक-तीन विरुद्ध चार-पाच. दोन नंबर बसेल.
तिसरी: दोन-चार विरुद्ध एक-पाच. तीन नंबर बसेल.
चौथी: तीन-पाच विरुद्ध एक-दोन. चार नंबर बसेल.
पाचवी: एक-चार विरुद्ध दोन-तीन. पाच नंबर बसेल.

पाच फेऱ्यांत प्रत्येकजण चार सामने खेळते, एकदा विश्रांती घेते आणि दुसऱ्या चौघींची एकेकदा जोडीदारीण होते. बसलेली बाई गुण लिहील. जोडीनं केलेले गुण दोघींच्याही नावापुढे मांडायचे आणि शेवटी ज्या बाईची बेरीज जास्त ती पहिली.

आता भांडणाचं बघू. बचत गटात व्याजाचा दर, हप्त्याची तारीख आणि दंड आधी वहीत लिहिला नसेल तर काय होतं, ते तुम्ही मला सांगायला हवं. स्पर्धेचंही तसंच आहे. सामने सुरू व्हायच्या आधी चार गोष्टी फळ्यावर लिहा आणि वाचून दाखवा.

एक. साखळीत दोन जोड्यांचे विजय सारखे झाले तर त्यांच्या आपसातल्या सामन्यात जिंकलेली जोडी पुढे. तीन जोड्या सारख्या झाल्या तर केलेले गुण आणि दिलेले गुण यांतला फरक बघायचा.

दोन. एखादी जोडी मध्येच सोडून गेली तर तिचे झालेले सामनेही धरायचे नाहीत. नाहीतर कुणाला फुकटचा विजय मिळतो आणि कुणाला मिळत नाही.

तीन. सामन्याला बोलावल्यावर किती मिनिटं वाट बघायची. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

चार. चेंडू आत की बाहेर हे कोण ठरवणार. पिकलबॉलमध्ये पंच नसेल तर ज्या बाजूला चेंडू पडला, त्या बाजूच्या जोडीनं सांगायचं. पण त्यांना नीट दिसलं नसेल तर चेंडू आत धरायचा, म्हणजे गुण समोरच्यांना. एक जोडीदारीण 'आत' म्हणाली आणि दुसरी 'बाहेर', तरीही आतच. आणि बघणाऱ्यांना विचारायचं नाही. कडेला उभ्या असलेल्या नणंदा-जावांचं मत यात चालत नाही.

मला या खेळातला हा नियम सगळ्यांत आवडतो. शंका आली तर फायदा समोरचीला द्यायचा, हे त्यात लिहूनच ठेवलं आहे. खेळ संपल्यावर त्याच बायकांना महिन्याच्या बैठकीला एका सतरंजीवर बसायचं असतं. एका रेघेवरून गटात फूट पडायला नको.

अंगाची काळजीही घ्या. काचेच्या बांगड्या काढून ठेवा. साडी असेल तर वर खोचून नीट बांधा. चप्पल नको, न घसरणारे बूट हवेत. डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी उलट्या पावली पळू नका, तशानं माणूस पाठीवर पडतं आणि मनगट मोडतं. वळायचं आणि मग जायचं. दुसऱ्या सामन्यातला चेंडू आपल्या कोर्टात आला तर 'चेंडू' असं ओरडून खेळ थांबवायचा आणि तो गुण पुन्हा खेळायचा. सावलीत पाणी ठेवा.

बक्षीस लहान असलं तरी चालेल. पण यंदा कार्यक्रम ठरवताना वहीत बक्षिसांच्या यादीआधी एक ओळ लिहा: 'आलेली प्रत्येकजण किमान तीन सामने खेळेल.' मग त्या ओळीत बसेल अशी स्पर्धा आखा. पिकलबॉलचं सामान मिळालं नाही तर कॅरमची दुहेरी ठेवा. गट, चिठ्ठ्या आणि फळ्यावरचे नियम तिथंही असेच चालतात. पहिल्याच सामन्यात हरलेली बाई कडेला उभी न राहता 'आता आमचा पुढचा सामना कुणाशी?' असं विचारत आली, की स्पर्धा जमली म्हणायची.