विश्लेषण : होम थिएटरचे स्पीकर नेमके कुठे ठेवावेत? महागड्या संचातूनही संवाद अस्पष्ट का ऐकू येतात?

दुकानात दणदणीत वाटलेला होम थिएटरचा संच घरी आणला, की अनेकांचा हिरमोड होतो. नायक काय बोलला हे कळावे म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच दृश्यातील स्फोटाने खिडकीच्या काचा थरथरतात. कमी करावा, तर संवाद पुन्हा पुसट होतात. मग दोष स्पीकरला दिला जातो आणि आणखी महाग संच घेण्याचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात अनेकदा स्पीकर चांगले असतात, त्यांची जागा चुकलेली असते. ती सुधारायला मोजपट्टी, दोरी आणि एक सुटीचा दिवस पुरतो.

‘५.१’ म्हणजे नेमके काय?

पाच स्पीकर आणि एक सबवूफर, असा त्याचा अर्थ. समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर असतात. बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन असतात, त्यांना सराउंड म्हणतात. ‘.१’ हा फक्त खालच्या पट्टीतील घुमणाऱ्या आवाजासाठीचा वेगळा प्रवाह असतो. ७.१ मध्ये मागे आणखी दोन स्पीकर वाढतात.

प्रेक्षकाला चहूबाजूंनी आवाजाने वेढण्याची कल्पना जुनी आहे. वॉल्ट डिस्नेच्या ‘फॅण्टासिया’ या १९४० मधील चित्रपटासाठी ‘फॅण्टासाउंड’ ही यंत्रणा उभारण्यात आली होती. ‘बॅटमॅन रिटर्न्स’ (१९९२) हा डॉल्बी डिजिटल ध्वनी घेऊन आलेला पहिला चित्रपट. घरातील संच याच पद्धतीची छोटी आवृत्ती आहे.

कोणता स्पीकर कोणत्या कोनात?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ‘बीएस.७७५’ या शिफारशीत याचा आराखडा दिला आहे. बसणाऱ्याचे डोके हा मध्यबिंदू आणि टीव्हीची दिशा म्हणजे शून्य अंश असे धरायचे. मधला स्पीकर शून्यावर, डावा व उजवा प्रत्येकी ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. डॉल्बीच्या मार्गदर्शनानुसार समोरच्या दोन स्पीकरसाठी २२ ते ३० अंशांची मुभा आहे.

घरोघरी होणारी चूक येथेच दिसते. ९० अंश म्हणजे कानाच्या अगदी शेजारी. ११० अंश म्हणजे त्याहून जरासे मागे. पण सराउंडला ‘मागचे स्पीकर’ म्हणण्याची सवय असल्याने ते खोलीच्या मागच्या दोन कोपऱ्यांत, छताजवळ टांगले जातात. तेथून येणारा आवाज समोरच्या आवाजाशी जुळत नाही. पावसाच्या दृश्यात पाऊस सभोवती पडण्याऐवजी डोक्यामागे कुठेतरी पडतो.

कोनमापक नसताना कोन कसा मोजायचा?

दोरीने. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधील अंतर बसण्याच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरच्या अंतराइतकेच असेल, तर समभुज त्रिकोण होतो आणि ३० अंशांचा कोन आपोआप मिळतो. बसण्याची जागा दोन्ही स्पीकरपासून ८ फुटांवर असेल, तर स्पीकरही एकमेकांपासून ८ फुटांवर हवेत. तेवढी जागा नसल्यास ६ फुटांपर्यंत चालते, तेव्हा कोन सुमारे २२ अंशांचा होतो.

स्पीकरचे तोंड बसणाऱ्याकडे किंचित वळवावे. तार आवाज देणारा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, कानाच्या उंचीवर असावा. जोडणी करताना लाल-काळ्या वायर तपासाव्यात. एका स्पीकरच्या वायर उलट जोडल्या गेल्या, तर खर्ज पातळ होतो आणि आवाजाची दिशा कळेनाशी होते.

संवाद अस्पष्ट का ऐकू येतात?

चित्रपटातील बहुतांश संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. एकसारखा आवाज दोन ठिकाणांहून येत असेल, तर जो आधी पोहोचतो त्याच्याच दिशेने तो आल्यासारखे कानाला वाटते. त्यामुळे फक्त दोनच स्पीकर असले, तर सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्याला नायक डावीकडून बोलल्यासारखा वाटतो. मधला स्पीकर असला, की संवाद सर्वांना पडद्यातूनच येतात.

पण घरात सर्वांत हलाखीची जागा याच स्पीकरच्या वाट्याला येते. टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे, गुडघ्याकडे तोंड करून तो कोंबलेला असतो. कप्प्याच्या लाकडी बाजूंवर आवाज आदळून घुमतो आणि शब्द चिकटतात. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढावा, खाली रबराची पट्टी ठेवून तोंड कानाकडे उचलावे आणि समोरची काच किंवा दार काढून टाकावे. त्यानंतरही संवाद दबके वाटले, तर रिसीव्हरमध्ये केवळ मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. सगळा आवाज वाढवण्याची गरज उरत नाही.

हॉल १० बाय १५ फुटांचा असेल तर?

अशा हॉलमध्ये साधारणपणे टीव्ही १५ फुटी भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला असतो. स्पीकर आणि सोफ्याची पाठ यांच्यासाठी एकेक फूट सोडला, तर मध्ये ८ फूट उरतात. समोरचे स्पीकर एकमेकांपासून ८ फुटांवर ठेवल्यास कोन सुमारे २७ अंशांचा होतो, म्हणजे योग्यच. अडचण मागे येते. डोक्यामागे भिंत असल्याने खर्ज फुगतो आणि सराउंडला मागे सरकायला जागा नसते. अशा वेळी ते सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या रेषेत किंवा किंचित वर लावावेत आणि सोफा फूटभर जरी पुढे घेता आला तरी घ्यावा.

टीव्ही १० फुटी भिंतीवर घेतला तर चित्र बदलते. सोफा त्या भिंतीपासून ९ फुटांवर ठेवला, की मागे ६ फूट मोकळे राहतात. सराउंड दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, बसण्याच्या जागेपेक्षा २ फूट मागे लावल्यास कोन जवळपास ११२ अंशांचा मिळतो. ध्वनीच्या दृष्टीने ही मांडणी सरस आहे. मात्र सोफा हॉलच्या मधोमध येतो, स्वयंपाकघराकडे जायची वाट अडते आणि वायर भिंतीवरच्या पट्टीतून फिरवाव्या लागतात. त्यामुळे हा निर्णय घरातील सर्वांना विचारूनच घेतलेला बरा.

सबवूफर कोपऱ्यातच ठेवावा का?

कोपऱ्यात तो सर्वांत मोठा वाजतो, पण सर्वांत चांगला वाजेलच असे नाही. समोरासमोरच्या भिंतींमध्ये खालच्या पट्टीतील काही ठरावीक स्वर अडकतात. हा स्वर कोणता, ते खोलीच्या लांबीवर ठरते. १५ फूट लांबीच्या खोलीत तो सुमारे ३८ हर्ट्झ, तर १० फूट रुंदीसाठी सुमारे ५६ हर्ट्झ असतो. भिंतीजवळ बसणाऱ्याला हा स्वर नको इतका ऐकू येतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला जवळजवळ नाहीसा झालेला वाटतो.

यावर सोपा उपाय आहे. सबवूफर थोडा वेळ सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा. ठळक खर्ज असलेले गाणे लावायचे आणि ज्या ज्या ठिकाणी सबवूफर ठेवणे शक्य आहे, तेथे जमिनीलगत वाकून ऐकायचे. जेथे खर्ज सर्वांत समतोल व स्वच्छ वाटेल, तीच सबवूफरची जागा. सुमारे ८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाची दिशा कानाला सहसा ओळखता येत नाही, त्यामुळे तो टीव्हीशेजारीच असला पाहिजे असे नाही.

फरशी, काच आणि पडद्यांचा काय संबंध?

गुळगुळीत फरशा, काचेची सरकती दारे आणि मोकळ्या भिंती आवाज परत फेकतात. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवल्यावर तिच्यामागून थरथरता नाद ऐकू आला, तर संवादांवरही तोच थर चढणार. स्पीकर व सोफ्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर चुणीदार जाड पडदे आणि भिंतीला पुस्तकांचे कपाट, एवढ्यानेही फरक पडतो.

बाजूच्या भिंतीवर नेमके कुठे काही लावायचे, हे आरशाने कळते. एकाने सोफ्यावर बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात जेथे समोरचा स्पीकर दिसतो, तेथूनच आवाज उलटून कानात येतो.

रिसीव्हरसोबतचा माईक हे सगळे करत नाही का?

काही अंशी करतो. अनेक रिसीव्हरसोबत छोटा माईक मिळतो. तो कानाच्या उंचीवर ठेवला, की यंत्र प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि पातळी मोजते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे फूटभर अंतराला त्याला साधारण एक मिलिसेकंद लागतो. जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा उशिराने सोडून यंत्र सर्वांची वेळ जुळवते. मात्र कप्प्यात कोंबलेला स्पीकर बाहेर काढणे किंवा चुकीचा कोन बदलणे त्याला शक्य नाही. म्हणून आधी मांडणी, मग माईक.

छतावरून आवाज देणारे ‘अ‍ॅटमॉस’ घ्यावे का?

डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये डोक्यावरूनही आवाज येतो. छतात स्पीकर बसवणे शक्य नसेल, तर छताकडे तोंड करून आवाज परावर्तित करणारे स्पीकर मिळतात. त्यांच्यासाठी छत सपाट, टणक आणि साधारण साडेसात ते १२ फूट उंचीवर हवे. पायऱ्यापायऱ्यांचे फॉल्स सीलिंग, झुंबर किंवा मधोमध फिरणारा पंखा असेल तर परिणाम उणावतो. अशा घरात नीट लावलेला ५.१ संच अधिक समाधान देऊ शकतो.

शेजाऱ्यांचे काय?

पडदे आणि गालिचे खोलीतला घुमारा कमी करतात, पण खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात जाण्यापासून रोखत नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. सबवूफर शेजारच्या घराच्या सामाईक भिंतीपासून दूर, जाड रबरी पॅडवर ठेवावा. रात्री दहानंतर त्याची पातळी उतरवावी आणि रिसीव्हरमधील ‘नाइट मोड’ सुरू करावा. या सुविधेत मोठे आवाज दबतात आणि लहान आवाज उचलले जातात, त्यामुळे कमी आवाजातही संवाद कळतात.