केतेवान राणीच्या अस्थी आणि विज्ञानाची साक्ष

संतांच्या अस्थी, केस किंवा देहाचा जतन केलेला एखादा भाग चर्चमध्ये श्रद्धेने ठेवण्याची प्रथा ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांपासून चालत आली असून, इ. स. ७८७ मध्ये भरलेल्या निकायाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने अशा पवित्र अवशेषांवाचून नव्या चर्चचा अभिषेकच करू नये, असा दंडक घातला. साहजिकच मध्ययुगात अवशेषांची मागणी वाढली, तिच्यापाठोपाठ चोरी आणि बनवाबनवीही वाढली, आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे मस्तक आपल्याकडेच आहे असे एकाहून अधिक चर्च सांगू लागली. अलीकडच्या काळात या जुन्या वादात प्रयोगशाळाही उतरली आहे. मात्र तिच्या साक्षीला किती वजन द्यायचे, हे साक्ष कशाविषयी आहे यावर ठरते.

या कामी प्रामुख्याने दोन चाचण्या वापरल्या जातात. पहिली कार्बन कालमापनाची: सजीवाच्या शरीरात अन्नावाटे कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन सतत येत असतो, मृत्यूनंतर ही आवक थांबते आणि असलेला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो, त्यामुळे उरलेल्या प्रमाणावरून हाडाचे वय काढता येते. रोममधील सांती अपोस्तोली चर्चमध्ये प्रेषित याकोबाचे म्हणून जतन केलेले मांडीचे हाड या पद्धतीने इ. स. २१४ ते ३४० या काळातील ठरले. याकोब पहिल्या शतकातला, तेव्हा ते हाड त्याचे असणे शक्य नाही, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. १४३१ मध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या जोन ऑफ आर्कचे अवशेष म्हणून फ्रान्समध्ये जपलेल्या बाटलीतून तर इजिप्तच्या ममीचे आणि मांजराचे हाड निघाले. अशा प्रकारे ‘हे त्यांचे नव्हे’ असे विज्ञान ठामपणे सांगू शकते. ‘हे त्यांचेच’ असे म्हणणे मात्र कितीतरी अवघड असते, आणि ते कसे साधते याचा उत्तम नमुना जुन्या गोव्यात पाहायला मिळतो.

केतेवान ही जॉर्जियातील काखेती राज्याची राणी होती. इराणच्या शाह अब्बासने तिला शिराझमध्ये अनेक वर्षे ओलीस ठेवले आणि धर्मांतरास नकार दिल्यावरून १६२४ मध्ये हाल हाल करून ठार मारले. पुढे जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तिला संतपद दिले. शिराझमध्ये असलेल्या ऑगस्टिनियन पंथाच्या पोर्तुगीज संन्याशांनी तिच्या काही अस्थी मिळवल्या आणि १६२७ मध्ये गोव्यात आणून आपल्या मठात ठेवल्या. मठातील सभागृहाच्या दुसऱ्या खिडकीपाशी, काळ्या दगडाच्या पेटीत त्या ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. परंतु १८३५ मध्ये हा मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि नोंदीतील जागा ढिगाऱ्याखाली गेली.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २००४ च्या सुमारास ती खिडकी शोधून काढली, तेव्हा पेटी जागेवर नव्हती. सापडला तो तिच्या झाकणाचा मानला गेलेला दगड आणि हाडांचे काही तुकडे. त्यांची तपासणी हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीमध्ये झाली. येथे दुसरी चाचणी, म्हणजे डीएनएची, कामी आली: पेशींतील मायटोकाँड्रियाचा डीएनए केवळ आईकडून अपत्याकडे येत असल्याने त्यावरून मातृवंशाचा माग लागतो, आणि एकाच मातृपूर्वजेपासून निघालेल्या अशा वंशशाखेला हॅप्लोग्रुप म्हणतात. एका हाडात ‘यू१बी’ ही शाखा आढळली. भारतातील २२,००० हून अधिक व्यक्तींच्या नमुन्यांत ती कुठेही नव्हती, पण जॉर्जियातील ३० नमुन्यांपैकी दोघांत होती. शेजारीच मिळालेल्या इतर दोन अवशेषांत मात्र भारतात सर्रास आढळणाऱ्या शाखा दिसल्या, म्हणजे ढिगाऱ्यात वेगवेगळ्या माणसांच्या अस्थी मिसळल्या होत्या आणि त्यांतली परकी कोणती हे डीएनएनेच दाखवून दिले.

या निष्कर्षाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ‘यू१बी’ शाखा जॉर्जियात आणि आसपासच्या प्रदेशांत अनेकांत असते, त्यामुळे ती माणसाचे मूळ सुचवते, त्याचे नाव सांगत नाही. नावापर्यंत पोहोचायचे तर खात्रीच्या मातृकुलातील नातलगाचा नमुना जुळवावा लागतो आणि तसा नमुना येथे नव्हता. म्हणूनच संशोधकांनी हे हाड केतेवानचे असण्याचा संभव मोठा असल्याचे म्हटले, आणि तो संभवही एकट्या डीएनएवर उभा नाही: लिखित नोंदीत सांगितलेली जागा, त्याच जागी मिळालेला दगड आणि मातृवंशाची खूण हे एकमेकांशी संबंध नसलेले तीन पुरावे एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतात, यातच त्याचे बळ आहे. नोंद नसती, तर गोव्याच्या बंदरात कधी काळी उतरलेल्या कुणाही अनाम परदेशी व्यक्तीचे ते हाड असू शकले असते.

चर्चनेही या छाननीकडे पाठ फिरवलेली नाही. अवशेषांची सत्यता आणि जतन यांविषयी व्हॅटिकनने २०१७ मध्ये सविस्तर सूचना काढल्या. श्रद्धेचा आशय प्रयोगशाळेत मोजता येत नाही हे खरे, पण हाड कोणत्या काळाचे आणि कोणत्या वंशशाखेचे हा प्रश्न श्रद्धेचा नाही आणि त्याचे उत्तर तपासूनच दिले पाहिजे. केतेवानच्या बाबतीत ते दिले गेले, दोन्ही देशांनी ते स्वीकारले आणि जुलै २०२१ मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राणीच्या अवशेषांचा एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाच्या स्वाधीन केला.